गोळीचा साचा

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात जर्मन वंशाचे कारागीर ठासणीच्या ज्या लांब बंदुका घडवीत, त्यांतील प्रत्येक पेचदार नळीचा व्यास हातकामामुळे किंचित निराळा पडे. सबब बंदुकीबरोबर तिच्यापुरता साचाही गिऱ्हाइकाच्या हवाली करावा लागे. हा साचा दिसावयास सांडशीसारखा. त्याच्या दोन जबड्यांमध्ये दातेरी पोलादी गोलक धरून तो तेल सोडीत फिरवावयाचा आणि जबडे हळूहळू आवळीत न्यावयाचे, म्हणजे दोहोंत समसमान अर्धगोल कोरला जाई. खरे कसब त्या गोलकातच, कारण तो केसभर वाकडा असला तर पुढची प्रत्येक गोळी वाकडी. गोळी नळीहून जराशी लहानच ठेवीत. चरबी लावलेल्या कापडात धरून ती ठासली, की ते कापड पेचांत घट्ट बसे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने ओतकाम घरच्या चुलीवरही होई. थंड साच्यातील पहिल्या गोळ्या मात्र सुरकुतलेल्या निघत आणि पुन्हा कढईत जात. १७७६ मध्ये ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा न्यू यॉर्क येथील शिशाचा पुतळा पाडण्यात आला, तेव्हा त्याचे बरेचसे शिसे लिचफील्ड गावी नेऊन मुख्यतः स्त्रिया व मुलांनी त्याच्या ४२,०८८ गोळ्या केल्या. आणि हिशेबी माणसांप्रमाणे कोणी किती केल्या याची यादीही ठेवली.