विमान बदलण्याचा व्हिसा म्हणजे नातलगांच्या भेटीचा परवाना नव्हे

विशेष प्रतिनिधी

मुंबई : अमेरिकेत मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांना लंडनला विमान बदलायचे असते, मध्ये आठ-दहा तास मोकळे असतात आणि मुलगी लंडनमध्येच राहत असते. तिच्या घरी जाऊन यावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र, विमान बदलण्याची परवानगी आणि देशात प्रवेशाची परवानगी या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र बाबी आहेत. तिकीट काढण्यापूर्वी हा फरक ध्यानात घेतला नाही, तर भेट हुकतेच. प्रसंगी मुंबईतच विमानात बसू दिले जात नाही.

भेट नेमकी कोठे अडते?

पुढील विमानाची वाट पाहणारा प्रवासी ट्रान्झिट कक्षात असतो. इमिग्रेशनचा काउंटर ओलांडेपर्यंत त्याचा त्या देशात प्रवेश झालेला नसतो. भेटायला आलेल्या नातलगांना या कक्षात येता येत नाही. त्यामुळे दहा मिनिटांच्या भेटीसाठीही प्रवाशालाच बाहेर पडावे लागते आणि त्यासाठी प्रवेशाची परवानगी लागते.

देश तसे नियम

युरोपातील शेंगेन देशांचा 'ए' प्रकारचा विमानतळ ट्रान्झिट व्हिसा केवळ या कक्षापुरता असतो. फ्रँकफर्ट किंवा पॅरिस शहरात जाण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकांना 'सी' प्रकारचा अल्पमुदतीचा व्हिसा हवा. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला, तरी तो येथे चालत नाही.

ब्रिटनचे नियम तुलनेने सैल आहेत. तेथील एका ट्रान्झिट व्हिसावर इमिग्रेशन ओलांडून ४८ तासांपर्यंत राहता येते. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा घेऊन त्या देशाला निघालेल्यांना काही अटींवर व्हिसाविनाही बाहेर पडू दिले जाते. मात्र पुढचे विमान दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपूर्वी सुटणारे असावे लागते. अंतिम निर्णय काउंटरवरील अधिकाऱ्याचा असतो. प्रवासाचा मुख्य हेतू पुढे जाणे हाच असावा, अशी अट आहे. मुलीकडे चार दिवस राहायचे असेल, तर 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसा घेणेच योग्य.

अमेरिकेने व्हिसाविना ट्रान्झिटची सवलत ऑगस्ट २००३ मध्ये स्थगित केली. भारतीयांना तेथे निव्वळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. 'सी-१' हा ट्रान्झिट व्हिसा नातलगांच्या भेटीसाठी नाही. त्यासाठी 'बी-२' हा पर्यटक व्हिसा आवश्यक आहे.

संयुक्त अरब अमिरातीत ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा निःशुल्क, तर ९६ तासांचा ५० दिरहमला मिळतो. तो तेथील विमान कंपनीमार्फत आगाऊ घ्यावा लागतो. सिंगापूरमध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी ठराविक देशांचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना अटींवर ९६ तासांची मुभा आहे.

स्वस्त तिकिटाची किंमत

दोन टप्प्यांची तिकिटे स्वतंत्रपणे काढल्यास सामान बहुधा मधल्या विमानतळावर उचलून पुन्हा जमा करावे लागते. म्हणजेच इमिग्रेशन ओलांडणे आले. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढे जाणाऱ्यांनाही ते टळत नाही. अशा वेळी भेटीचा विचार नसला, तरी प्रवेशाचा व्हिसा लागू शकतो.

भेट घडवायचीच असेल, तर मधल्या शहरात एक-दोन दिवसांचा मुक्काम ठरवूनच तिकीट काढावे आणि त्या देशाचा भेटीचा व्हिसा वेळेत घ्यावा. अर्जात नातलगांचा पत्ता व भेटीचा हेतू स्पष्ट लिहावा. खोटी माहिती उघडकीस आल्यास पुढील अर्जांनाही अडचण येते. नियमांत वरचेवर बदल होत असल्याने पैसे भरण्यापूर्वी संबंधित वकिलातीचे संकेतस्थळ पाहणे आणि विमान कंपनीकडे चौकशी करणे हिताचे ठरते.