रुमालाखालची बोटं

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा लिलाव खणखणीत आवाजात होतो. पण पूर्वी महाराष्ट्रातल्या अनेक बाजारांत भाव ठरायचा तो मुक्यानंच! अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हातात हात घालत, बोटं दाबून सौदा पक्का करत. यालाच 'हत्ता' म्हणत. बोटांची ती भाषा दोघांनाच कळे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी नुसता उभा. त्याचा चेहरा मात्र उघडा. पोरीचं लग्न, सावकाराचा तगादा, सारं त्यावर वाचता येई. म्हणून तर बाजार समित्यांच्या १९६३ च्या कायद्यानं उघड लिलावाचा आग्रह धरला.

घरी तरी वेगळं काय घडतं? पडत्या भावात माल विकून आलेला बाप गप्प बसतो. त्याच्या चपला काढण्यावरूनच आई ओळखते आणि न विचारता चहाचं आधण ठेवते. मुलांना मात्र वाटतं, बाबा आपल्यावरच रागावले!

मुकी माया गोडच. पण ज्याचा जीव टांगणीला लागलाय, त्यालाच ती वाचता येत नसेल, तर रुमाल बाजूला सारून दोन शब्द बोलावेत, हे बरं.