घाटातला रस्ता वळसे का घेतो?

दिल्ली-चेन्नई राष्ट्रीय महामार्ग ४८ (या भागात पूर्वीचा क्रमांक ४) पुण्याहून सातारा, कराड व सांगली जिल्ह्यातील पेठ नाका असा कोल्हापूरकडे जातो. साताऱ्याआधी खंबाटकी घाट लागतो. तिथे रस्ता सरळ वर का नेला नाही?

समजा, मालमोटारीचे वजन १० टन आहे. रस्त्याच्या ५ मीटरांत १ मीटर चढायचे, तर घर्षण सोडून २ टन वजनाएवढे बल लागेल. २० मीटरांत १ मीटर चढताना केवळ अर्धा टन. अंतर चौपट, बल पाव. कार्य मात्र तेवढेच!

उतरताना हीच स्थितिज ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता बनते. ब्रेक फार तापले की त्यांची पकड कमी होते. म्हणूनच उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात. इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणे जिवावर बेतू शकते.