गुणी पोराची दाढ

पोरकं झालेलं मूल नात्यातल्या कुणाच्या तरी घरी वाढतं, हे आपल्याकडे काही नवं नाही. मामाकडे, मावशीकडे, काकांकडे लहानाची मोठी झालेली कितीतरी माणसं तुमच्या माहितीत असतील. कदाचित या घडीला तुमच्याच स्वयंपाकघरात असं एखादं मूल पाटावर बसून जेवत असेल. आता अशा घराला सरकारचाही थोडा हातभार असतो. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलेलं आहे आणि २०२३ पासून तिच्यात मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’मध्ये संगोपनासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. हे दत्तक घेणं नव्हे बरं का. मूल नाव आपल्या बापाचंच लावतं, वाढतं मात्र दुसऱ्याच्या घरात. बालकल्याण समिती त्याला मान्यता देते आणि समाजसेविका अधूनमधून घरी येऊन मुलाची विचारपूस करते.

आमच्या गावात हे काम करणाऱ्या एक बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या. एकदा मी सहज त्यांच्याबरोबर गृहभेटीला गेले. घर मामाचं, मुलगा नऊ वर्षांचा. मामी मोठी अगत्याची. पोह्यांच्या बशा आमच्यासमोर आल्या, एक मुलापुढेही ठेवली. तो पोहे खाईना. शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत बसला होता. मामी कौतुकानं म्हणाली, “काही म्हणजे काही त्रास नाही हो याचा. पोळीसुद्धा वरणात भिजवून गपचूप खातो. फार गुणी आहे.”

बाईंनी त्याला अंगणात उजेडाला नेलं आणि आ करायला सांगितलं. खालची उजवीकडची दाढ अर्धी खचलेली, काळी, हिरडी सुजलेली. “किती दिवस दुखतंय रे?” तर मान खाली. बऱ्याच वेळानं म्हणाला, “दिवाळीपासून.” तेव्हा होळी झाली होती! आणि सांगितलं का नाहीस? तर म्हणे, “मामाला खर्च पडेल.”

मामी तिथंच मटकन बसली. ती वाईट बाई नव्हती हो. “मला वाटलं दुधाची दाढ असेल, पडेल आपोआप,” एवढंच ती म्हणत राहिली.

इथंच आपण बायका फसतो. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, रक्त येत नाही, कौलावर दात फेकायचा सोहळा होत नाही. त्यामुळे घरात कुणाला तिचा पत्ताच नसतो. पण ही दाढ जन्माची असते. ती गेली की दुसरी येत नाही. त्या मुलाची तीच होती, आणि दंतवैद्यांना ती काढावीच लागली.

दुधाच्या दाढाही ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडून देण्याजोग्या नाहीत. त्या दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. मूल त्यांच्यावरच चावतं, आणि मागून येणाऱ्या दातांची जागाही त्याच धरून ठेवतात.

परतताना बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “या घरी माझी ही चौथी भेट. शाळेची हजेरी पाहिली, पासबुक पाहिलं, अंथरूण-पांघरूण पाहिलं. आरोग्याच्या रकान्यात तिन्ही वेळा मीच ‘चांगले’ असं लिहिलंय.”

तेव्हापासून त्यांची भेटीची तऱ्हा बदलली. त्या मोरीपाशी जाऊन ब्रश मोजतात. घरात माणसं सहा आणि ब्रश पाच, असं झालं की सहावं कोण ते सांगावं लागत नाही. मुलाला पेरूची फोड देऊन तो कुठल्या बाजूनं चावतो ते बघतात. घरातली म्हातारी मिश्री लावते का, हेही विचारतात, कारण तिच्या बोटावरची मिश्री नातवंडांच्या बोटावर यायला वेळ लागत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्यानं बंदी आहे, पण चुलीवर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार?

आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली, ती माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. अशा मुलाच्या हातावर जो तो काहीतरी गोड ठेवतो. शेजारीण बिस्किटाचा पुडा देते, दुकानदार गोळी देतो, पाहुणे चॉकलेट देतात. ‘बिचारा’ म्हणून दिलेली साखर दिवसभर दातांना चिकटून राहते. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर द्या. झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली तान्ह्याच्या तोंडात ठेवू नका. खोकल्याचं गोड औषध पाजलंत तर वर पाणी पाजा.

आता तुमच्या हातातलं काम. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत त्याचे दात मोठ्या माणसानंच घासायला हवेत. फार तर आधी त्याला घासू द्या आणि मग तुम्ही हात फिरवा. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. त्यात रात्रीचं चुकवू नका. पेस्ट फ्लोराईडची घ्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात, तो त्यांचा धंदा! घासून झाल्यावर थुंकायला सांगा, खळखळून चुळा भरायला लावू नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. ती घाण नव्हे. राखेनं खसाखसा घासून ते जाणार नाहीत. अशा भागात पेस्ट कोणती वापरायची ते दंतवैद्यालाच विचारा.

नव्यानं आलेलं मूल पहिल्या दिवशी तोंडात हात घालू देईलच असं नाही. कुणी मारलं असेल, जबरदस्तीनं औषध पाजलं असेल, तुम्हाला काय ठाऊक? त्याच्यासमोर तुम्ही आपले दात घासा. ब्रशचा रंग त्याला निवडू द्या. आरशासमोर त्याच्या मागे उभं राहिलं की त्याला तुमचा हात दिसतो आणि भीती कमी वाटते. आठ-पंधरा दिवस लागतील, लागू देत.

खर्चाचं म्हणाल तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते, आणि तिच्यात दातही पाहतात. पथक शाळेत येऊन गेलं की मुलाला नुसतं “काय झालं?” असं विचारू नका, चिठ्ठी मागून घ्या. पुढच्या उपचारासाठी जिल्हा रुग्णालयाचा दंत विभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. भूल देऊन काही करायचं असेल तर सही कुणाची चालेल, हे समाजसेविकेला आधीच विचारून ठेवा. ऐनवेळी कागदासाठी धावपळ झाली की मूल समजतं, हे सगळं माझ्यामुळेच.

त्या मुलाकडे मी पुढे दोन-तीनदा गेले. मोरीत खिळ्याला आता सहा ब्रश टांगलेले असतात, त्याचा निळा. गेल्या खेपेला मी पोहोचले तेव्हा तो मामीशी भांडत होता. भाजीत मीठ कमी पडलं होतं म्हणे. मामी त्याच्यावर ओरडत होती आणि मला बघून हसली.