जिनिव्हाची वर्गणी आणि आपल्या फडातला कोयता



नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेले १९५९ सालचे पंधरा नव्या पैशांचे एक टपाल तिकीट आहे. चार मजूर अंग मोडून एक मोठा धोंडा हलवत आहेत, असे त्यावर चित्र. हे मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरील देवीप्रसाद रॉय चौधरी यांचे शिल्प. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेला, म्हणजे आय.एल.ओ.ला, ४० वर्षे झाली म्हणून ते तिकीट निघाले.

गटसभेत आम्ही हे तिकीट दाखवले, तेव्हा एका जुन्या सभासदाने विचारले, "साहेब, ही परदेशातली संघटना चालते कुणाच्या पैशावर? आणि आपलं सरकार तिथं पैसा भरतं तो कशापायी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सहकारातल्या माणसाला चटकन समजेल.

ही संघटना १९१९ साली स्थापन झाली. कचेरी जिनिव्हाला. भारत पहिल्या दिवसापासून सभासद. दर दोन वर्षांचे अंदाजपत्रक मंजूर होते आणि ज्या त्या देशाच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी ठरते. सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा, सुमारे २२ टक्के. आपला सुमारे १ टक्का. आपली वर्गणी केंद्राच्या श्रम मंत्रालयाच्या खर्चातून जाते, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या करातून.

पण मत? अमेरिकेचे प्रतिनिधी चार आणि आपलेही चारच! दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा, आणि प्रत्येकाला स्वतंत्र मत. आपल्याकडे शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच. तसलाच हा प्रकार. कामगार प्रतिनिधीच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्चही त्या देशाच्या सरकारनेच करायचा, असे घटनेत लिहिले आहे. तसे नसते तर गरीब देशाचा मजूर तिथवर पोचलाच नसता. दोन वर्षांच्या वर्गणीइतकी थकबाकी झाली की मात्र साधारणपणे मताचा हक्क जातो. थकबाकीदाराला आपल्याकडे संचालकपदाची निवडणूक लढवता येत नाही, हे तुम्हांस ठाऊक आहेच.

मोठा वर्गणीदार रुसला तर काय होते, तेही जगाने पाहिले. नोव्हेंबर १९७७ मध्ये अमेरिका बाहेर पडली आणि अंदाजपत्रकाचा जवळजवळ चौथा हिस्सा एका फटक्यात गेला. १९८० साली ती परत आली. मधल्या काळात संघटनेने काटकसर केली, पण दार बंद केले नाही.

१९१९ च्या पहिल्या परिषदेला भारतीय कामगारांतर्फे सरकारने पाठवले ते कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी. पण कामगारांचा माणूस सरकारने का निवडावा? त्यासाठी कामगारांची देशव्यापी संघटना हवी, हा विचार पुढे आला आणि १९२० साली मुंबईत आयटकची स्थापना झाली. १९२३ साली शेतमजुरांच्या संघटनेच्या हक्काचा करारही भारताने मान्य केला.

आता आपल्या दारातली गोष्ट. जून २०१७ मध्ये भारताने बालमजुरीविरुद्धचे दोन करार मान्य केले. मान्य केले म्हणजे अंमल कसा चालला याचा अहवाल सरकारला पाठवावा लागतो. पण त्या अहवालात लिहायचे काय, ते दिल्लीत ठरत नाही. ते ठरते फडात. नांदगाव, चाळीसगाव, कन्नडकडून टोळ्या येतात. पहाटे कोयता चालू होतो, अन् शाळेच्या वयाचं पोर थंडीत वाढे गोळा करताना दिसतं. आम्ही शेतकी खात्याची माणसे ते पाहतो, तुम्हीही पाहता. तोड लांबू नये म्हणून दोघेही गप्प बसतो. हे खरे आहे, आणि लिहायला जड जाते.

म्हणून येत्या हंगामासाठी एवढीच विनंती. टोळी तुमच्या शिवारात उतरली की कोप्यांवर शाळेच्या वयाची मुले किती, ते स्लिपबॉयकडे लिहून द्या. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत वा साखरशाळेत त्यांना बसवण्यासाठी आम्ही मुकादमाशी बोलू. फडावर पिण्याचे पाणी ठेवा. तोड दोन दिवस पुढे-मागे झाली, तर सांभाळून घ्या.

वर्गणी भरून जिनिव्हात खुर्ची मिळते, मतही मिळते. तिथे आपण जो शब्द दिला, तो पाळायचा आपल्याच बांधावर.

— ऊस विकास अधिकारी