गोल्डफिशचा टँक : फिल्टर बदलण्याआधी थोडा हिशेब

टँक आणला, तळाला रंगीत खडे पसरले, दोन गोल्डफिश सोडले. पाणी आरशासारखं, घरातली पोरं खूश. तिसऱ्या आठवड्यात एक मासा तळाशी बसून राहतो, दुसरा वर येऊन तोंडाची उघडझाप करतो. दुकानात विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘फिल्टर बारका पडतोय ओ, मोठा घेऊन जावा.’ मोठा येतो, जुना माळ्यावर जातो आणि आठवड्याभरात उरलेला मासाही दगावतो. बेळगाव असो, मडगाव असो नाहीतर इंदूर, हे बऱ्याच घरांत असंच घडतं.

दुकानदाराचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबरच असतं. चूक होते ती जुना फिल्टर एका दिवसात काढून टाकण्यात, आणि नवा निवडताना डब्यावरचा एकच आकडा बघण्यात.

मुळात फिल्टर म्हणजे गाळणी, ही समजूत अर्धवट आहे. कचरा अडवणं हे त्याचं दुय्यम काम. माशाला मारतो तो डोळ्यांना न दिसणारा अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, शिवाय उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. त्याला रंग नसतो, म्हणून काचेसारखं नितळ पाणीही विषारी असू शकतं. गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं अन्न आतड्यातून पुढे सरकत राहतं, मासा दिवसभर खातो आणि दिवसभर घाण करतो. त्याच आकाराच्या टेट्रा-गप्पीपेक्षा त्याच्या टँकवर कितीतरी जास्त भार पडतो.

हा अमोनिया संपवतात ते जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, कारण ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घालवतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आवाक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या रिंगांवर, खड्यांवर चिकटून राहतात आणि नव्या टँकमध्ये त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यातलं मरण येतं ते इथून. म्हणजे चांगला फिल्टर तोच, ज्यात या जिवाणूंना राहायला भरपूर जागा आहे आणि त्यांच्यावरून पाणी सतत वाहतं.

आता हिशेब. टँकची लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकार करायचा आणि 61 ने भागायचं, लिटर मिळतात. दीड फुटी टँक (18 × 12 × 12) साधारण 42 लिटरचा, दोन फुटी (24 × 12 × 12) साधारण 56 लिटरचा. खडे आणि वरची रिकामी जागा वजा केली तर दोन फुटीत खरं पाणी पन्नासच्या आसपास. गोल्डफिशसाठी तासाला टँकच्या सहा ते आठ पट पाणी फिल्टरमधून फिरावं असा अंदाज धरतात. म्हणजे दोन फुटी टँकला तासाला 300 ते 400 लिटर. डब्यावर लिहिलेला आकडा मात्र रिकाम्या पंपाचा असतो. स्पंज भरला, पाणी वर चढवावं लागलं की तो बराच खाली येतो. त्यामुळे 300 हवे असतील तर डब्यावर 400-500 लिहिलेला घ्यावा. आणि काचेचा गोल बाउल असेल तर हा सगळा हिशेबच सोडून द्यावा. वीतभर वाढणाऱ्या, नीट जपला तर दहा-पंधरा वर्षं जगणाऱ्या माशाला त्यात कुठलाच फिल्टर वाचवू शकत नाही. दीड फुटी टँकही दोन गोल्डफिशना काही महिन्यांपुरताच.

बाजारात सगळ्यात जास्त खपतो तो पाण्यात बुडवायचा पॉवर फिल्टर, काळी उभी नळी, आत बोटभर स्पंज. झोत जोरदार असतो म्हणून गिऱ्हाइकाला काम होतंय असं वाटतं. पण जिवाणूंना जागा किती, तर त्या बोटभर स्पंजाइतकी. शिवाय ओरांडा, रँच्यू असे गोल पोटाचे गोल्डफिश झोताविरुद्ध पोहता पोहता थकतात. नुसता बुडबुड्यांचा दगड तर फिल्टर नव्हेच. तो पाण्यात हवा मिसळायला मदत करतो, अमोनियाचं काही करत नाही.

स्पंज फिल्टर दिसायला गावठी. एक-दोन स्पंजचे गोळे, मधून नळी, बाहेर एअर पंप. पण जिवाणूंसाठी जागा भरपूर, प्रवाह मवाळ आणि बिघडण्यासारखं त्यात जवळपास काही नाही. स्पंज मोठा घ्यावा, शक्यतो दुहेरी. खर्चही टांगायच्या फिल्टरपेक्षा कमी. उणीव एकच, तरंगणारी मोठी घाण तो तितकीशी ओढत नाही, ती पाणी बदलताना पाइपने काढावी लागते.

मागच्या काचेवर टांगायचा हँग-ऑन किंवा टँकवर आडवा बसणारा टॉप फिल्टर हे दोन्ही दोन फुटी टँकला चांगले. फक्त त्यांच्यासोबत येणाऱ्या कार्बनच्या कार्ट्रिजपासून सावध राहायला हवं. दर महिन्याला ती बदला असं डब्यावर छापलेलं असतं. बदलली की तिच्यावर बसलेले जिवाणूही कचऱ्यात जातात आणि नव्या कार्ट्रिजचा धंदा मात्र चालू राहतो. तिच्या जागी जाड स्पंजचा तुकडा आणि सिरॅमिक रिंगांची पिशवी बसवली की वर्षानुवर्षं चालतं. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरही छोटा स्पंज लावावा, म्हणजे शेपटी आत ओढली जात नाही. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर उत्तमच, पण तो तीन-चार फुटी टँकसाठी. घरच्या लहान टँकला तो पैशांचा चुराडा.

दोन फुटी टँक आणि दोन मासे असतील तर एक हँग-ऑन आणि कोपऱ्यात एक स्पंज फिल्टर, ही जोडी सगळ्यात भरवशाची. एकाचेच पैसे असतील तर स्पंज.

या निवडीत लाइटचाही विचार करावा लागतो. फिल्टर रात्रंदिवस चालायला हवा, रात्री आवाज होतो म्हणून बंद करायची सवय माशाच्या जिवावर येते. 5 वॉटचा एअर पंप महिनाभर अखंड चालला तर 3.6 युनिट जळतात, 25 वॉटचा पॉवर फिल्टर 18 युनिट. पावसाळ्यात लाइट तास-दोन तास जाणं काही नवीन नाही. अशा वेळी बंद डब्याच्या फिल्टरमधलं पाणी आतल्या आत कोंडतं, ऑक्सिजन संपतो. टँकमध्येच उभा असलेला स्पंज तेवढा वेळ निभावून नेतो, आणि पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप त्याच नळीला जोडता येतो. एअर पंप टँकच्या पाण्यापेक्षा खाली ठेवलेला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व घालावाच. नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून बोर्डापर्यंत पोचतं.

फिल्टर कितीही चांगला घेतला तरी तो नळाखाली धुतला की मेहनत वाया. बेळगावला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, ते क्लोरिन घालून. माणसासाठी ते गरजेचंच, पण क्लोरिन जिवाणूंना मारतं, मग ते रोगाचे असोत की फिल्टरमधले. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोन-चारदा पिळून, पांढराशुभ्र करायच्या नादाला न लागता. टँकमध्ये घालायचं नवं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवावं किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरिन थेंब मोजून घालावं. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे साठवलेलं पाणी असतंच, तेच बरं पडतं. बोअरच्या पाण्यात क्लोरिन नसतं, पण क्षार पंपाच्या पंख्यावर पांढरे बसतात. महिन्यातून एकदा पंखा काढून लिंबाच्या पाण्यात घासून, स्वच्छ धुऊन बसवावा. आठवड्याला पाव टँक पाणी बदलावं. काढलेलं पाणी गटारात ओतायची गरज नाही, नायट्रेट हे झाडाचं खतच, अंगणातल्या तुळशीला आणि कुंडीतल्या मिरचीला चालतं.

आणि शेवटी तो जुना फिल्टर. नवा आणला तरी जुना लगेच काढायचा नाही. दोन्ही एकाच टँकमध्ये चार ते सहा आठवडे चालू ठेवायचे. जागा नसेल तर निदान जुन्या फिल्टरचा मळका स्पंज, न धुता, नव्याच्या डब्यात कोंबायचा. नव्याने टँक सुरू करणाऱ्यांनी ओळखीच्या घरातून, जिथले मासे वर्षभर ठणठणीत आहेत, तिथून असा स्पंजचा तुकडा मागून आणावा. ओल्या पिशवीत घालून, वाळू न देता, त्याच दिवशी टँकमध्ये. या काळात खाद्य निम्मं करावं, दोन मिनिटांत संपेल इतकंच. थेंब टाकून रंग बघायचं अमोनिया आणि नायट्राइटचं किट दुकानात मिळतं. सलग आठवडाभर दोन्ही शून्य दिसले, की जुना फिल्टर खुशाल माळ्यावर टाकावा.