सिग्नल कोणाचा? (डेस्कटॉप प्रोग्रॅमिंग : भाग 7)

मार्च 1795. खर्ड्याच्या माळावरची लढाई थांबून रात्र झाली होती. काही मराठे स्वार घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेले, तर समोर निजामाची तुकडी! तुकडीने बार काढले. जवळच रेमंड या निजामाच्या फ्रेंच सेनानीच्या पलटणीचे पहारेकरी होते, त्यांनीही गोळ्या झाडल्या. मग झोपेतून उठलेल्या अख्ख्या फळीने बंदुका चालवल्या, समोर कोण आहे हे न पाहताच. त्या गदारोळाने निजाम अली हबकला आणि खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. इतिहासकार ग्रँट डफने हा प्रसंग नोंदवलाय. मला तो दर वेळी बिघडलेल्या सिग्नल हँडलरसारखा, म्हणजे सिग्नल आला की चालणाऱ्या कोडसारखा वाटतो.

मागच्या भागातला मेथड कॉल म्हणजे विचारणं आणि उत्तराची वाट पाहणं. सिग्नल म्हणजे दवंडी. पिटणारा उत्तरासाठी थांबत नाही, कोणी ऐकलं की नाही हेही त्याला कळत नाही. लिनक्स डेस्कटॉपवर ही दवंडी डी-बस या निरोप पोचवणाऱ्या यंत्रणेवरून फिरते, तिची 1.0 आवृत्ती 2006 मध्ये आली.

आता माझी फजिती. टिपणवहीचं एक ॲप लिहिलं होतं. लॅपटॉप झोपण्याआधी मजकूर सेव्ह व्हावा म्हणून लॉगिन-डी या सिस्टिम सेवेचा ‘प्रिपेअर फॉर स्लीप’ सिग्नल पकडला. हा सिग्नल दोनदा येतो: झोपण्याआधी ‘ट्रू’ घेऊन, उठल्यावर ‘फॉल्स’ घेऊन. मी ते मूल्य तपासलंच नाही. सकाळी झाकण उघडताच ॲपने पुन्हा सेव्ह केलं आणि रात्री फोनवरून केलेली दुरुस्ती जुन्या मजकुराखाली गाडली गेली. वर आणखी एक अडाणीपणा: ‘डिले’ प्रकारचं इनहिबिटर लॉक घेतलं नव्हतं. ते घेतलं तर मशीन तुमच्यासाठी थांबतं, पण मुळात 5 सेकंदच. नाही घेतलं, तर सेव्ह अर्धवट असतानाच झोपू शकतं.

तिसरी चूक खर्ड्याच्या जातीची. मॅच रूलमध्ये, म्हणजे कोणते सिग्नल हवेत हे बसला सांगणाऱ्या नियमात, मी फक्त सिग्नलचं नाव लिहिलं होतं. त्या नावाचा सिग्नल बसवरचा दुसरा प्रोग्रॅमही सोडू शकतो आणि माझा हँडलर त्यालाही भुलला असता. पाठवणाऱ्याची ओळख मात्र खोटी सांगता येत नाही. :1.42 असा क्रमांक प्रत्येक निरोपावर बस स्वतः घालते. म्हणून मॅच रूलमध्ये सेंडर, पाथ, इंटरफेस आणि मेंबर चारही लिहा. आळस नको.

क्रमही सांभाळा. आधी सिग्नलला नाव नोंदवा, मग सद्यस्थिती विचारा. उलट केलंत, तर मधल्या क्षणात होऊन गेलेली दवंडी तुमच्या कानावर पडणारच नाही. ती कोणी पुन्हा पिटत नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंत एवढं करा: टर्मिनलमध्ये डी-बस मॉनिटर चालू ठेवून एखादं ॲप उघडा. सरसर ओळी येतील. प्रत्येक सिग्नलच्या ओळीत ‘सेंडर’ शोधा.